उभ्या गाडीची बॅटरी

६ जानेवारी

मुलीने फोनवर सांगितलं, दिवसभर आईचं डोकं खाण्यापेक्षा रोज काहीतरी लिहीत जा, बाबा. म्हणून ही डायरी. तिला वाटतं लिहिलं की माणूस शांत होतो. वीसेक वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून मी जेवढा शांत राहिलोय तेवढा एखादा साधूही राहणार नाही, पण घरात हे कोणाला पटत नाही.

मी गाडी चालवायला शिकवतो. ‘शिकवत होतो’ असं ही म्हणते. मी म्हणत नाही. नोव्हेंबरात स्वयंपाकघरात उभा होतो, फिट आली, पडलो, कपाळाला टाके पडले. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मार्चमधल्या तपासणीपर्यंत पुन्हा काही झालं नाही तर गाडी चालवायला हरकत नाही असा कागद देईन. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूल बंद. स्कूल म्हणजे तरी काय, मी आणि एक गाडी. टपावर पाटी, दारांवर फोन नंबर, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक आणि क्लचचा दुसरा जोड. ती आता खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे.

लोक चौकातल्या दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊ लागलेत. तिथला मालक माझ्याच हाताखाली शिकलेला. रिव्हर्स घेताना अजून जीभ बाहेर काढतो.

कागद मिळाला नाही तर काय करायचं, हे मी कुणाला विचारलेलं नाही. स्वतःलाही नाही. मला दुसरं काही येत नाही.

९ जानेवारी

गाडी सुरू होईना. सेल्फ मारला तर नुसतं टक्. बॅटरी पूर्ण उतरलेली.

नाक्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावलं. हा सगळ्यांना ‘साहेब’ म्हणतो आणि कुणाचंच ऐकत नाही. मी रोज सकाळी गाडी पाच मिनिटं चालू ठेवतो असं अभिमानाने सांगितलं, तर म्हणाला तेच वाईट करताय. सेल्फ जेवढं खेचतो तेवढंही पाच मिनिटांत भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर बॅटरी जाईल. डॉक्टर नको म्हणतात, असं मी म्हणालो. मग दुसऱ्या कुणाला तरी फिरवायला सांगा, म्हणाला.

सांगू कुणाला? मुलगी दूर. हिला मी कधी शिकवलंच नाही. ‘नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये, गाडी पण ठोकली जाते आणि संसार पण,’ हा माझा ठरलेला विनोद. शेकडो लोक हसले त्यावर. ही मात्र कधी हसल्याचं आठवत नाही.

बॅटरी चार्ज करून आणून बसवली.

१३ जानेवारी

हल्ली या घरात चहा गरम मिळत नाही. समोर आणून ठेवते तेव्हाच गार असतो. बोललो तर नुसती बघत राहते.

आणखी एक. हिचं वय झालं असं दिसतंय. एकच वाक्य दोनदा बोलते. आज सकाळी ‘गोळी घेतलीत का?’ असं चढ्या आवाजात विचारलं. घेतली म्हटलं, तर म्हणे, ‘तिसऱ्यांदा विचारतेय.’ एकदाच विचारलं होतं. मी वाद घातला नाही. आजारी माणसाने समजुतीनं घ्यावं.

टीव्हीतही बिघाड आहे. मॅच मधूनच पुढे उडते. केबलवाल्याला दोनदा झापलं.

१९ जानेवारी

आज धाडस केलं. ही बाजारात गेली होती. गाडी बाहेर काढली आणि अर्धा तास फिरवली, बॅटरीसाठी. हे इथेच राहू दे.

इतके महिने झाले तरी हात विसरलेले नाहीत. उलट इतके तयार आहेत की रस्ता केव्हा सरला तेच कळलं नाही. लाँड्रीपाशी होतो, तो एकदम शाळेच्या भिंतीपाशी. मधलं वळण मी नक्की छान घेतलं असणार. मागे कुणीतरी ओरडत होतं. या गावात लोकांना ओरडायला कारण लागत नाही.

घरी येऊन बघतो तर डाव्या बाजूचा आरसा आत दुमडलेला. पार्किंगमध्ये येता-जाता कुणीतरी धक्का दिला असणार. लक्ष म्हणून नाही कोणाचं.

२० जानेवारी

दुपारी डुलकी लागली होती तेव्हा दारात कुणीतरी बोलत होतं. उठून विचारलं तर ही म्हणाली, पत्ता चुकून आला होता. मग बराच वेळ बाथरूममध्ये कपडे आपटत राहिली. आज कपडे धुण्याचा दिवसही नव्हता.

रात्री जेवताना मी काही न विचारताच म्हणाली, गाडीला हात लावू नका. हिला कुठून कळलं? मी नाही म्हणालो. खोटं बोललो, आणि वाईट वाटलं.

२७ जानेवारी

बॅटरी पुन्हा उतरली. परवा तर सेल्फ नीट होता.

एक चांगली गोष्ट मात्र घडतेय. हिला गाडीची काळजी वाटायला लागली आहे. इतकी वर्षं ‘तुमचं ते धूड’ म्हणायची, आता रोज सकाळी खाली जाऊन कव्हर नीट करून येते. म्हणते वाऱ्याने सरकतं. मी खिडकीतून बघतो. मागच्या बाजूला बराच वेळ खुडबूड करत असते. मला बरं वाटलं. माणूस आजारी पडला की घरच्यांना त्याच्या कामाची किंमत कळते.

४ फेब्रुवारी

बॅटरीवाल्याचं ऐकून नवी बॅटरी घातली. जुनी संपली होती, साहेब, म्हणाला. जुनीच्या नावाने दोन शब्द बरे बोलून तो घेऊन गेला.

दाढी करताना पाणी गार झालं. शर्टाचं वरचं बटण पुन्हा तुटलं. हे या महिन्यातलं तिसरं. दोरा कच्चा येतो हल्ली. मी बटणं ओढतो का, असं ही विचारते. मी काय लहान आहे?

९ फेब्रुवारी

मुलीचा फोन. चोवीस तारखेला येतेय, नातीला घेऊन. नात सात महिन्यांची आहे आणि मी तिला फक्त फोनवर बघितलंय. मी लगेच सांगून टाकलं, स्टेशनवर मी येणार घ्यायला, गाडी घेऊन. मुलगी म्हणाली, चालेल ना तुम्हाला, बाबा? न चालायला काय झालं. नोव्हेंबरपासून एकदाही पडलेलो नाही. चोवीसनंतर आठ-दहा दिवसांनी कागद मिळणारच आहे. तोवर गाडीला काय, माझ्या बोटांना काय, कागद नाही हे कळणार आहे?

फोन ठेवला तेव्हा ही शेजारीच होती. मी म्हणालो, अगं, लहान बाळ टॅक्सीत कशाला. ही म्हणाली, ‘बघू.’

‘बघू’ म्हणजे हिच्या भाषेत नाही. पण मी ठरवलंय.

१२ फेब्रुवारी

नवी बॅटरीही उतरली! बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याचा चेहरा पडला. आपल्याच मालाने भर बाजारात नाक कापलं म्हणून असेल. दोन तास चार्ज लावला आणि म्हणाला, गाडीत कुठेतरी काहीतरी चालू राहतंय, शोधा.

शोधलं. सापडलं! डिकी नीट लागत नव्हती. झाकण खाली टेकलेलं दिसतं, पण आतला खटका बसत नाही, त्यामुळे आतला छोटा दिवा दिवसरात्र जळत राहतो. वरून कव्हर, म्हणून दिसत नव्हता. एवढासा दिवा आणि अख्खी बॅटरी पिऊन टाकतो. खटक्यात तेल घातलं, चार वेळा आपटून बघितलं, पक्का बसला.

हिला उत्साहाने सांगायला गेलो. ही भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, बरं झालं.

१६ फेब्रुवारी

डिकी पुन्हा उघडी. खटका चांगला आहे, तरीही. नायलॉनची दोरी घेऊन झाकण बंपरला बांधून टाकलं. विद्यार्थ्यांना सांगायचो, गाडीपुढे अक्कल चालत नसेल तर दोरी चालवा.

संध्याकाळी बादली भरायला नळ सोडला आणि बघतो तर बाथरूमभर पाणी. पाण्याला हल्ली फार जोर आहे. ही धावत आली, नळ बंद केला आणि माझा हात धरून उभी राहिली. काय झालं म्हटलं. काही नाही म्हणाली. हात गार होता हिचा.

१९ फेब्रुवारी

दोरी सुटलेली. गाठ मी मारलेली, साधी नव्हे. नायलॉन आपोआप घसरतं म्हणतात.

बॅटरीवाल्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, साहेब, एवढ्या भानगडीपेक्षा टर्मिनल काढून ठेवा. बॅटरीची एक वायरच सोडवली की डिकी उघडी राहू दे नाहीतर दारं, काही उतरायचं नाही. हे त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मीच नको म्हणालो होतो. वायर सोडलेली गाडी म्हणजे अंथरुणाला खिळलेली गाडी, असं मला वाटायचं. पण चोवीस तारीख तोंडावर आली. पाना घेऊन टर्मिनल काढलं. पाना खिशातच ठेवलाय.

वर आल्यावर हिला सांगितलं, आता बघ, चोवीसला एका सेल्फमध्ये सुरू होईल. ही खुर्चीवर बसली. मग उठली आणि आत गेली. तब्येत बरी नाही का, म्हणून विचारलं.

२४ फेब्रुवारी

हे सगळं आज लिहिलं नाही तर उद्या मी वेगळं लिहीन, म्हणून आजच लिहितो.

सकाळी टर्मिनल लावलं. एका सेल्फमध्ये गाडी सुरू झाली. मी गाडीच्या टपावर थोपटलं. कव्हर घडी करून डिकीत टाकतोय तोवर ही खाली आली. घरातल्याच कपड्यात, हातात पर्स नाही. दार उघडून माझ्या जागेवर बसली. माझी जागा म्हणजे शिकवणाऱ्याची. मला वाटलं स्टेशनला येतेय, आणि मी खूश झालो.

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. हसू आलं. म्हटलं इतके महिने झाले, पाय विसरला. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा खाली बघितलं. हिने चपला काढून ठेवल्या होत्या आणि दोन्ही पाय दाबून त्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवले होते. दोन्ही.

“पाय काढ,” मी म्हणालो.

“नाही काढणार.”

मी आवाज चढवला. पार्किंगमधून जाणारी बाई थांबून बघायला लागली. हिने तिच्याकडे बघितलंही नाही.

“अहो, मी एकच गोष्ट दोनदा बोलत नाही,” ही म्हणाली. “पहिल्यांदा बोलते तेव्हा तुम्ही नसता.”

मला काही समजलं नाही. मी समोरच बसलेला असतो, म्हणालो. बसलेले असता, ही म्हणाली. डोळे उघडे असतात. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात, बोटं बटण ओढत राहतात. हाक मारली तरी कळत नाही. मग तुम्ही परत येता आणि चहा गार का, म्हणून विचारता. रोज नाही, पण होतं. बादली भरत होती तेव्हा तुम्ही नळाकडे बघत उभे होता.

“टीव्ही?” मी विचारलं.

“टीव्ही चांगला आहे.”

मग तिने सायकलवाल्याचं सांगितलं. मी गाडी फिरवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात आला होता. पत्ता चुकला नव्हता, गाडीच्या टपावरची पाटी लक्षात ठेवून विचारत विचारत आला होता. माझ्या आरशाचा धक्का लागून पडला होता, कोपराची साल गेली होती, रक्ताने भरलेल्या बाहीचा आदल्या दिवशीचा शर्ट दाखवायला घेऊन आला होता. हिने जखम धुतली, औषध लावलं, शर्ट ठेवून घेतला, धुऊन दिला. तो फार भांडला नाही. फक्त एवढंच म्हणाला, ड्रायव्हर सरळ माझ्याकडे बघत होता, आणि तरी थांबला नाही.

मी गाडी बंद केली. किल्ली हातात घेऊन बसलो. डिकी कोण उघडत होतं ते आता विचारायची गरज नव्हती, पण मी विचारलं.

“मीच,” ही म्हणाली. “दोरी पण मीच सोडली. कात्रीने नाही, हाताने. नखं गेली.”

“तोंडाने सांगता येत नव्हतं?”

“तुमचं काम जाईल ते माझ्या तोंडाने जायला नको होतं. गाडीच सुरू झाली नसती तर मला बोलावं लागलं नसतं.”

मी खूप बोललो तिला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती पाय न काढता ऐकत राहिली.

मुलगी टॅक्सीने आली.

२५ फेब्रुवारी

नातीला मांडीवर घ्यायचं होतं. मी आधी खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसलो. हिने काही न बोलता चारी बाजूंनी उशा आणून ठेवल्या. मुलगी म्हणाली, बाबा, हे काय नवीन? गुडघ्यांना बरं असतं, असं मी म्हणालो.

नातीने माझं बोट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. मी तिथेच होतो ना, हे मला कोण सांगणार?

२७ फेब्रुवारी

मनातून राग जात नाही. वाटतं, ही वाढवून सांगते. बायकांना काळजीचं भूत मोठं करायची सवय असते. मग या वहीची मागची पानं वाचली.

शिकायला आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगायचो, आरशात न दिसणारी एक जागा असते, तिथे मान वळवूनच बघावं लागतं. काय टेचात सांगायचो!

मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. ही म्हणते, तुम्ही सांगा. हिने माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही, मीच धड उत्तरं देत नाही. आज चहा तिने समोर ठेवला, मी लगेच प्यालो, तोंड भाजलं. ती हसली नाही, मीही नाही.

१ मार्च

मुलगी आणि नात गेल्या. घर मोठं झाल्यासारखं वाटतंय.

परवा तपासणी आहे. हिला विचारलं, डॉक्टरीणबाईंना तू सांगणार का. म्हणाली, “मी एक शब्द बोलणार नाही. गाडी अडवली तेवढी पुरे. पुढचं तुमचं.”

म्हणजे मी ‘काही झालं नाही’ म्हटलं तर कागद मिळेल. बाई चेहऱ्यावर लिहिलेलं वाचू शकत नाहीत. पाटी पुन्हा धुता येईल, चौकातल्या त्या जीभ काढणाऱ्याकडून माझे विद्यार्थी परत येतील. शेजारी शिकाऊ पोरगी घाबरून स्टिअरिंग धरून बसलेली असेल, समोर रस्त्यावर कुणीतरी सायकलवर असेल, आणि माझ्या पायाखाली ब्रेक. तो दाबायला मी असेन का? मी हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. आता खोडत नाही.

भीती वाटते. फिटची नाही. उद्यापासून सकाळी उठून करायचं काय, याची.

३ मार्च

टॅक्सीने गेलो. मागच्या सीटवर बसायची सवय नाही, ड्रायव्हरने क्लचवर पाय ठेवूनच सगळा रस्ता काढला, आणि मी तोंड मिटून बसलो. हिने माझ्याकडे बघून विचारलं, बोलायचंय का त्याला? नाही म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. गोळ्या वेळेवर? हो. झोप? हो. टेबलावर छापील कागद होता, वर माझं नाव आधीच लिहून ठेवलेलं. बाईंना खात्रीच असावी. पेनचं टोपण काढून म्हणाल्या, मग, नोव्हेंबरनंतर काही नाही ना?

मी म्हणालो, पडलो नाही.

त्या लिहायला लागल्या. तारीख लिहिली. ही माझ्या शेजारी, मांडीवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत होती. खरंच एक शब्द बोलली नाही. मला तिचा राग आला. मग राग कसला ते कळेना.

“बाई, थांबा,” मी म्हणालो. “मला नाही माहीत. जे होतं तेव्हा मी तिथे नसतो. हिला विचारा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हिच्याकडे वळल्या. हिने आधी माझ्याकडे बघितलं. सांग, म्हटलं, सगळं सांग.

तिने पहिल्यापासून सांगितलं. चहा, बटणं, नळ. सायकलवाल्याचंही सांगितलं. बाई ऐकता ऐकता छापील कागद बाजूला करून कोऱ्या कागदावर लिहीत होत्या. मी त्या बाजूला सरकलेल्या कागदाकडे बघत होतो. माझ्या नावातली एक वेलांटी चुकलेली होती. हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. लपवलं नाही.

डिकीचं सांगायच्या आधी ही थांबली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, “ऐकताय ना?”

“ऐकतोय,” मी म्हणालो.